काळ्या रानात रुतणारी पिकअप: कोणते ट्रॅक्शन बोर्ड घ्यावेत?

प्रश्न: यावल तालुक्यात आमची केळी आहे. डांबरी सडकेवरून मळ्यापर्यंत पांदणीनंच जावं लागतं. पावसाळ्यात बोलेरो पिकअप मागच्या चाकांवर रुतते नि दर वेळी कोणाच्या तरी ट्रॅक्टरची वाट बघावी लागते. ऑनलाइन प्लास्टिकचे ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली घालायच्या दातेरी फळ्या, दिसतात, पण किमतींत फार फरक आहे. कोणते घ्यावेत? – एक केळी उत्पादक

उत्तर: भाऊ, घ्या, पण आपली माती बघून घ्या. वाळूत रुतलेल्या गाडीचे व्हिडिओ पाहून बोर्ड निवडू नका. तापीकाठची काळी माती चिकण असते. ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि बोर्डाच्या दात्यांतही तशीच बसते. दाते बुजले की बोर्ड निव्वळ गुळगुळीत फळी! म्हणून दाते उंच, एकमेकांपासून लांब आणि मधे आरपार भोकं असलेला बोर्ड बघा. लांबी साधारण सव्वा मीटर, रुंदी टायरपेक्षा जास्त. गुंडाळी होणारे, दोन-अडीच फुटांचे तुकडे भरल्या पिकअपखाली चिखलात गडप होतात, त्यावर पैसे घालू नका.

किमतीतला फरक बराचसा मालाचा असतो. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्सट्रॅक्ससारखे नामवंत बोर्ड फायबर मिसळलेल्या नायलॉनचे असतात. वजनाखाली वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. स्वस्तातले बरेचसे पॉलीप्रॉपिलीन या साध्या प्लास्टिकचे. ते लवकर झिजतात, उन्हात ठिसूळ होतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात टपावर बांधून ठेवले तर जास्तच. परवडत असेल तर नायलॉनचीच एक जोडी घ्या. गाडी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे चार नगांची गरज नाही.

पण बोर्ड कुठलाही असो, चाक जागेवर फिरवलं की तो गेला. घर्षणानं दाते वितळतात, नायलॉनचेसुद्धा. म्हणून रुतल्याचं कळताच ॲक्सिलरेटर सोडा. घड उतरवा. मग मागच्या टायरची हवा वीस-बावीस पीएसआयपर्यंत उतरवा. फावड्यानं चाकापुढची माती उतारानं काढा, बोर्डाचं टोक टायरखाली घट्ट खुपसता येईल इतकी. आलात त्याच वाटेनं मागे निघायचं असेल तर चाकामागे खणा. बहुतेकदा तेच सोपं पडतं. स्टेअरिंग सरळ, पहिला किंवा रिव्हर्स गिअर, क्लच हळू. बोर्डाच्या रेषेत पुढे-मागे कोणीही उभं राहू नये, तो जोरात फेकला जातो. बोर्डाला लाल दोरी बांधा, चिखलात गाडला गेला तरी सापडतो. कडक जमिनीवर आलात की लगेच हवा भरा. बारा व्होल्टचा पंप गाडीत हवाच.

डिफरन्शियलचा गोळा, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या दांड्यावरचा लोखंडी फुगवटा, मातीला टेकला असेल तर बोर्ड एकट्यानं काही करत नाही. आधी जॅक लावून गाडी उचला, जॅकखाली जाड फळी ठेवा, नाहीतर जॅकच खाली जाईल. तेही जमत नसेल तर ट्रॅक्टर बोलवा, आणि दोर टो-हुकालाच, म्हणजे गाडी ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच, अडकवा, बंपरला नको.