गोळी बंद करायच्या आधी हे वाच

अगं, तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. टीएसएच (थायरॉईड कमी काम करायला लागलं की वाढणारा हॉर्मोन) ११ आलाय, डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी चालू केलीये, आणि ती जन्मभर घ्यायची या विचारानेच तुला धडकी भरलीये म्हणून आयुर्वेदाने मुळापासून बरं होतं का विचारतेयस. फोनवर सांगितलं असतं, पण नंतर परत बघता यावं म्हणून लिहूनच पाठवते.

आधी माझी चूक सांगते. मला थायरॉईड निघालं तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. दोन वर्षं गोळी घेतली, मग काढा आणि चूर्ण सुरू केलं आणि कोणालाही न सांगता गोळी बंद केली. पहिले दोन-तीन आठवडे इतकं छान वाटलं की मला वाटलं काढा लागू पडला. तो काढ्याचा गुण नव्हताच गं, लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच गोळी, शरीरातून निम्मं व्हायलाच साधारण ७ दिवस लागतात, त्यामुळे गोळी थांबवली तरी आधीचा साठा हळूहळू उतरत राहतो आणि लगेच काही जाणवत नाही. तिसऱ्या महिन्यात बोटातली अंगठी निघेना, साबण लावून ओढली तरी नाही. सर्दी नसताना आवाज घोगरा, रात्री आठलाच डोळे मिटायचे, सकाळी कंगव्यात केसांचा गुंता. टेस्ट केली तर टीएसएच ५० च्या वर.

म्हणून आपल्या मनाने गोळी बंद करायची नाही. तुझी अँटी टीपीओ, म्हणजे थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीजची टेस्ट, पॉझिटिव्ह आहे म्हणालीस, म्हणजे बहुधा हाशिमोटो, ज्याचं वर्णन हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्येच केलं होतं. यात आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीची हळूहळू नासधूस करते. गोळीत असतं ते ग्रंथी बनवते तेच थायरॉक्सिन. लोक म्हणतात गोळी रोग नुसता दाबून ठेवते, पण तसं नाहीये, शरीरात जे कमी पडतंय तेच आपण वरून भरतोय.

मग आयुर्वेद कशाला? माझ्यापुरतं सांगते, मला फायदा झालाय आणि आजही मी वैद्यांकडे जाते. जुन्या ग्रंथांत गलगंड आहे, सुश्रुतसंहितेत गळ्याला लोंबणाऱ्या सुजेचं वर्णन आहे, पण टीएसएच हा प्रकार तेव्हा नव्हता. वैद्य बघतात ते अग्नी मंद झालाय का, कफ वाढलाय का, पोट साफ होतं का, झोप कशी लागते. रिपोर्ट नॉर्मल आल्यावरही माझी बद्धकोष्ठता आणि अंगाचा जडपणा गेला नव्हता, तो जेवणाच्या वेळा, झोप आणि साध्या औषधांनी बराच कमी झाला. टीएसएच मात्र गोळीनेच आटोक्यात राहिला.

आता खरी मेख, आणि ही मला कोणी सांगितली नव्हती. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास काही नाही, चहा-कॉफी पण नाही. वैद्यांची पुडीही बऱ्याचदा सकाळी उपाशीपोटीच असते, वरून दुधाबरोबर. दोन्ही एकत्र गेलं की गोळी नीट शोषली जात नाही. शंखभस्म, प्रवाळपिष्टी, कपर्दिक भस्म हे सगळं मुळात कॅल्शियम आहे आणि लोहभस्म, मंडूरभस्म म्हणजे लोह. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांपासून ४ तासांचं अंतर ठेवायला डॉक्टर सांगतातच, पण भस्माच्या पुडीत तेच आहे हे आपल्या डोक्यात येत नाही. इसबगोलही गोळीसोबत नको. मी गोळी उशाशी पाण्याच्या भांड्याजवळ ठेवते, जाग आली की घेते, आणि पुडी थेट दुपारच्या जेवणानंतर, तीही वैद्यांना विचारून वेळ बदलून घेतलेली.

अश्वगंधा आपल्या मनाने सुरू करू नकोस. २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, सौम्य थायरॉईड असलेले ५० जण, रोज ६०० मिलिग्रॅम, ८ आठवडे, आणि त्यात टीएसएच सुधारला होता. पण ५० जणांवरून सगळ्यांचं ठरत नाही, आणि तू गोळी घेत असताना हेही हॉर्मोन वाढवणार म्हटल्यावर छातीत धडधड, हाताला कापरं सुरू होऊ शकतं. लिव्हरला त्रास झाल्याच्याही केसेस आहेत. गरोदरपणात तर अजिबात नाही, आणि ज्यांचं थायरॉईड जास्त काम करतं त्यांनी तर लांबच राहावं. कांचनार गुग्गुळ पण विचारूनच. आणि 'थायरॉईड सपोर्ट' वगैरे लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये समुद्री शेवाळ असेल तर नकोच, मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, हाशिमोटोत जास्तीचं आयोडीन उलट त्रास देतं. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर लॅबला सांग आणि टेस्टच्या आधी निदान २ दिवस बंद ठेव, त्याने रिपोर्टच चुकीचा येतो.

वैद्य कसे निवडायचे? जे आधी रिपोर्ट मागतात आणि चालू गोळीचा डोस वहीत लिहून घेतात ते. 'ही गोळी आजच फेकून दे' म्हणणारे असतील तर उठून ये, आणि लेबल नसलेली पुडी घेऊ नकोस, आत शिसं किंवा पारा आहे का हे आपल्याला कुठून कळणार.

एका वेळी एकच बदल कर. मग ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, त्याआधी करून उपयोग नाही कारण आकडा स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. आकडा खरंच खाली आला तर डॉक्टरच डोस कमी करतील, आणि त्यांना पुड्यांबद्दलही सांग, ओरडले तरी सांग. पुढे कधी बाळाचा विचार असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशीच फोन कर त्यांना, तेव्हा डोस बहुतेक वाढवावा लागतो.

आत्ता जे काही घेतेयस त्या सगळ्याच्या लेबलचे फोटो पाठव, हेअर ऑइल सोडून सगळं, रविवारी बसून कुठलं किती वाजता घ्यायचं ते आपण लिहून काढू आणि तोच कागद तू डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दाखव.