लागावुलिन १६ ला डेटॉलसारखा वास येतोय, बाटली खराब आहे का?

तुम्ही लिहिलंय की जावयाने लंडनहून लागावुलिन या स्कॉच व्हिस्कीची १६ वर्षांची बाटली आणली, उघडल्यावर दवाखान्यासारखा वास आला, आणि एवढी महागाची वस्तू खराब निघाली की काय अशी शंका आली. अजिबात खराब नाही. तो वास नसता, तरच मी काळजी करा म्हटलं असतं.

लागावुलिनची डिस्टिलरी, म्हणजे व्हिस्की गाळायचा कारखाना, स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाच्या बेटावर आहे (स्पेलिंगमध्ये एस असतो, तो उच्चारायचा नाही). या बेटावर झाडं कमी, त्यामुळे पूर्वापार जळण म्हणजे पीट. हजारो वर्षं दलदलीत साचलेल्या शेवाळाचे आणि झुडपांचे हे थर. त्याच्या विटा कापायच्या, वाळवायच्या आणि जाळायच्या, आपल्याकडच्या गोवऱ्यांसारख्या. आपण मटकीला आणतो तसे व्हिस्कीसाठी सातूला मोड आणतात आणि मग ते दाणे या धुरावर वाळवतात. मी ग्लासगोत राहत असताना आयलाला गेलो होतो. पोर्ट एलेनला बोटीतून उतरलो तर सगळ्या गावावर तो धूर होता, कारण लागावुलिनचा सातू तिथेच तयार होतो. संध्याकाळी स्वेटर काढला तर त्यालाही तोच वास.

त्या धुरात फिनॉल असतं. १८६५ मध्ये ग्लासगोच्या रुग्णालयात जोसेफ लिस्टरने जखमांसाठी जे कार्बोलिक ॲसिड वापरलं, ते म्हणजे फिनॉलच. डेटॉलमधलं रसायनही त्याच कुळातलं. म्हणजे तुमचं नाक बरोबर सांगतंय.

आता किंमत. डिस्टिलरी १८१६ ची, पण माझ्या मते तिचा खरा इतिहास सुरू होतो पीटर मॅकी या माणसापासून. व्हाइट हॉर्स ही व्हिस्की त्याचीच. शेजारच्या लाफ्रॉइग डिस्टिलरीचा माल विकण्याचं काम त्याच्या कंपनीकडे होतं, ते १९०७ मध्ये गेलं. मॅकी इतका चिडला की त्याने लाफ्रॉइगच्या पाण्याची वाट दगडांनी अडवली. कोर्टाने ती मोकळी करायला लावली. मग १९०८ मध्ये त्याने लागावुलिनच्या आवारातच ‘माल्ट मिल’ नावाची दुसरी छोटी डिस्टिलरी उभारली, हेतू एकच: हुबेहूब लाफ्रॉइग बनवायची. ती १९६२ पर्यंत चालली, पण लाफ्रॉइग काही तिथे कधी झाली नाही. दोन्ही ठिकाणांमध्ये चालत अर्ध्या तासाचंही अंतर नाही, तरी चव जिथली तिथेच राहिली. मला ही गोष्ट फार आवडते. लागावुलिनच्या तांब्याच्या भट्ट्यांच्या माना खाली उतरत्या आहेत, त्यामुळे जड वाफही पुढे निघून येते, आणि तो दाटपणा तुमच्या पेल्यात आहे.

बाकी किंमत काळाची. व्हिस्की मुरते त्या लाकडी पिंपातून दर वर्षी साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला तिथे देवदूतांचा वाटा म्हणतात. १६ वर्षांत चौथाईहून जास्त माल असा हवेत जातो. शिवाय आज किती गाळायचं हे १६ वर्षांनंतरचा अंदाज बांधून ठरवावं लागतं. १९८० च्या दशकात स्कॉच पडून राहायला लागली, तेव्हा लागावुलिन आठवड्यातून दोनच दिवस चालायची, आणि शेजारची पोर्ट एलेन डिस्टिलरी तर १९८३ मध्ये बंदच पडली (ती २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली). पुढे १९८८ पासून हीच १६ वर्षांची व्हिस्की जगभर नावाजली गेली, मागणी वाढली, आणि पिंपं मात्र त्या मंदीतली, मोजकीच. बरीच वर्षं ती मिळेनाशी झाली होती.

जास्त जुनी म्हणजे जास्त चांगली का, असंही तुम्ही विचारलंय. नेहमीच नाही. धूर वयाबरोबर मवाळ होत जातो, लाकडाचा गोडवा वाढतो. १६ व्या वर्षी इथे दोन्ही जोडीने आहेत, म्हणून मी पंचवीस वर्षांचीपेक्षा हीच घेईन.

एक करा. बर्फ आणि सोडा नको. ही ४३ टक्क्यांची आहे, चमचाभर साधं पाणी घाला आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. औषधाचा वास मागे सरतो आणि मनुकांसारखा गोड वास वर येतो. बाटली उभी ठेवा, आडवी ठेवलीत तर दारूने बूच खराब होतं. बाटलीत तिचं वय वाढत नाही, त्यामुळे नातवाच्या लग्नासाठी राखून ठेवायची गरज नाही. जावई परत जायच्या आत त्याच्यासोबत घ्या.