फिरत्या इलेक्ट्रॉनवरच्या बलावरून विद्युत क्षेत्र कसं काढायचं?
तुमचं गणित असं: इलेक्ट्रॉन +एक्स दिशेने ३×१०^६ मी/से वेगाने जातोय, चुंबकीय क्षेत्र +वाय दिशेला २ मिलिटेस्ला, आणि त्याच्यावरचं एकूण बल +झेड दिशेला ३.२×१०^(-१५) न्यूटन. नुसतं बल भागिले प्रभार केलंत तर उत्तर चुकणार, कारण त्या बलात चुंबकीय वाटाही आहे. लॉरेंट्झचं सूत्र (बल = प्रभार × [विद्युत क्षेत्र + वेग आणि चुंबकीय क्षेत्राचा सदिश गुणाकार]) उलटं करा:

विद्युत क्षेत्र = (बल ÷ प्रभार) − (वेग × चुंबकीय क्षेत्र, सदिश गुणाकार)

पहिलं पद: प्रभार −१.६×१०^(-१९) कूलोम, म्हणून −२०,००० न्यूटन/कूलोम, झेड दिशेत. इथलं ऋण चिन्ह बहुतेक जण खातात. दुसरं पद: एक्सचा वायशी सदिश गुणाकार +झेड, किंमत ६,०००. ते वजा केल्यावर −२६,०००. म्हणजे क्षेत्र २६,००० न्यूटन/कूलोम, −झेड दिशेला.

चुंबकीय क्षेत्र दिलेलंच नसेल तर एका मापनावरून काही निघत नाही. मग त्याच जागी तोच वेग उलट्या दिशेने घेऊन पुन्हा बल मोजा. दोन्ही बलांच्या सरासरीत चुंबकीय भाग कटतो, उरलेल्याला प्रभाराने भागा. आणि एकूण बल शून्य असेल तर? क्षेत्रं परस्परांना आणि वेगालाही लंब असताना विद्युत क्षेत्राची किंमत = वेग गुणिले चुंबकीय क्षेत्र. १८९७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जे. जे. थॉमसनने कॅथोड किरणांचा (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या झोताचा) वेग याच युक्तीने काढला होता.