अजिंठ्याच्या चित्रांवर प्रबंध लिहायचाय, जुन्या प्रतिमा ऑनलाइन कुठे मिळतील?

आधी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर जा. जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी 1872 ते 1885 या काळात केलेल्या अजिंठ्याच्या प्रतिकृती तिथे आहेत. 1885च्या आगीत बऱ्याच जळाल्या, पण उरलेल्या फार मोलाच्या आहेत, कारण मूळ भिंतीवरचा काही भाग नंतर झिजला.

शोधताना नुसतं आजचं स्पेलिंग टाकू नका. जुन्या इंग्रजी नोंदींत ‘अजुंटा’ सापडतं, म्हणजे ए-जे-यू-एन-टी-ए. लेण्याचा क्रमांक, ग्रिफिथ्स किंवा त्यांच्याआधी अजिंठ्याच्या प्रतिकृती करणारे रॉबर्ट गिल यांचं नाव टाकूनही बघा. गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती 1866मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शन-इमारतीच्या आगीत गेल्या, मात्र त्यांनी लेण्यांचे फोटोही काढले होते. विकिमीडिया कॉमन्स हा मोफत प्रतिमांचा ऑनलाइन संग्रहही चाळा, पण तिथलं वर्णन मूळ संग्रहाच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय प्रबंधात घेऊ नका.

आणि एक कळकळीने सांगते: प्रतिमा डाउनलोड केली की त्याच क्षणी संग्रहालयाचा नोंदणी क्रमांक फाइलच्या नावात टाका. नंतर तो शोधत बसणं म्हणजे जिवाला घोर! प्रबंध छापायचा असेल तर वापराच्या अटी प्रत्येक प्रतिमेच्या पानावर वेगळ्या वाचा.