वाचकांचे प्रश्न : पावसाळी सत्राची चित्रपटमालिका

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने गेल्या पावसाळी सत्रात दर शनिवारी एक याप्रमाणे सहा गाजलेले चित्रपट दाखवले. पहिल्या दिवशी सभागृह भरले होते. शेवटच्या चित्रपटाला चौदाजण उरले. यंदा निवड कशी करावी? प्रदर्शनासाठी परवानगी लागते का, आणि गावातील रसिकांना बोलावता येईल का?
– एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुम्ही पत्रासोबत पाठवलेली गेल्या वर्षीची यादी वाचली. त्यातील प्रत्येक चित्रपट पाहण्याजोगा आहे. परंतु पहिला चित्रपट पाहून घरी गेलेल्या विद्यार्थ्याने दुसऱ्यासाठी परत का यावे, याचे उत्तर त्या यादीत मिळत नाही. ‘गाजलेला’ हा मालिकेला बांधून ठेवणारा धागा होऊ शकत नाही. एका चित्रपटाने मनात उभा केलेला प्रश्न पुढच्या चित्रपटाने हाती घेतला, तरच प्रेक्षकाला पुढच्या शनिवारची ओढ लागते.

सत्र पावसाळी आहे, तर पाऊस हाच विषय घ्या, आणि सहाऐवजी चारच चित्रपट पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दाखवा. सुरुवात बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ने (१९५३) करावी. हिंदी असल्यामुळे तो नवख्यांना जड जाणार नाही. दुष्काळानंतर आलेल्या पावसाने गाव गाऊ लागते, आणि त्याच गावातल्या शंभू या शेतकऱ्याला जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्यात रिक्षा ओढावी लागते; पाऊस येऊनही शेतकऱ्याचे का भागत नाही, हा प्रश्न तिथे उभा राहतो. दुसरा सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५). त्यात दुर्गा ही मुलगी ज्या पावसात आनंदाने भिजते, तोच तिच्या आजारपणाला कारण होतो. राय यांनी चित्रपट-समीक्षक चिदानंद दासगुप्ता यांच्यासह १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली होती, हे प्रास्ताविकात आवर्जून सांगा. चित्रपट पाहून त्यावर तासन्‌तास बोलणाऱ्या मंडळींतूनच हा दिग्दर्शक घडला, हे तुमच्या मंडळातील मुलामुलींना कळायला हवे.

तिसरा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ (१९५०). पडक्या वेशीखाली पावसाने अडकलेली माणसे एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिकती आठवतात. तो धो-धो पाऊस कॅमेऱ्यात नीट उमटावा, म्हणून पाण्यात काळी शाई मिसळली होती. एवढी एक गोष्ट सांगितली, तरी पडद्यावरचा पाऊस हा घडवलेला असतो, या जाणिवेने विद्यार्थी आधीचे दोन चित्रपट मनात पुन्हा पाहू लागतील. शेवटी सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) ठेवावा. त्यात विदर्भातील शेतकऱ्याची बायको, नवरा जिवाचे बरेवाईट करील या धास्तीने, त्याच्यावर सतत नजर ठेवून असते. तीन चित्रपट पाहून आलेला प्रेक्षक या घराकडे अधिक सावधपणे पाहील, अशी माझी खात्री आहे.

आता कायद्याविषयी. कॉपीराइट कायद्याच्या (१९५७) कलम ५२ नुसार, शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवताना प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरते मर्यादित असतील, तर तो हक्कभंग ठरत नाही. गावातील रसिकांना दार उघडताच ही सवलत लागू राहत नाही, म्हणून त्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी आधी मिळवा. चित्रपटाच्या हक्काची मुदत प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असते. तथापि पटकथा, संगीत किंवा नव्याने केलेली उपशीर्षके यांचे हक्क स्वतंत्रपणे चालू असू शकतात, त्यामुळे जुना चित्रपट म्हणजे सर्वस्वी मोकळा, असे समजू नये. कोणाच्या तरी घरगुती ओटीटी खात्यावरून चित्रपट दाखवणेही टाळावे, कारण त्या सेवांच्या अटी सहसा वैयक्तिक वापरापुरत्या असतात.

गळतीचे आणखी एक कारण तुमच्या पत्रातच आहे. प्रदर्शन साडेपाचला सुरू होत असे आणि खेड्यांतून येणाऱ्या मुलींची शेवटची एसटी साडेसातला असे. ‘पथेर पांचाली’ दोन तासांहून मोठा आहे; म्हणजे शेवट पाहायचा की घर गाठायचे, असा पेच तुम्ही त्यांच्यापुढे टाकला होता. प्रदर्शन दुपारी दोनला ठेवा. सभागृहावर पत्रे आहेत, असेही तुम्ही लिहिता. जोराच्या सरीत संवाद ऐकू येणार नाहीत, तेव्हा हिंदी-मराठी चित्रपटांनाही शक्य तिथे उपशीर्षके लावा आणि ध्वनिक्षेपक आदल्या दिवशी तपासून घ्या.

प्रास्ताविक पाच मिनिटांचे असावे आणि त्यात कथा सांगू नये. चित्रपट संपताच ट्यूबलाइट लावून आभारप्रदर्शन उरकण्याची घाई करू नका. मिनिटभर अंधार राहू द्या, मग पावसाचा एखादा प्रसंग पुन्हा दाखवा आणि ‘आवडला का?’ असे न विचारता ‘इथे आवाज कधी थांबला?’, ‘कॅमेरा कोणाजवळ होता?’ असे विचारा. गेल्या वर्षी शेवटपर्यंत आलेल्या त्या चौदाजणांना आताच बोलावून घ्या आणि चारही चर्चांची सूत्रे त्यांच्यात वाटून द्या.