जुन्या ईपीएबीएक्सला व्हॉइसमेल जोडलाय, पण तो प्रत्येक कॉलरला मेलबॉक्स नंबर का विचारतो?

तुम्ही लिहिलंय की रबाळे एमआयडीसीतल्या ऑफिसात जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्सचेंज) आहे, त्याच्या चार अ‍ॅनालॉग एक्स्टेंशनवर अ‍ॅस्टरिस्कचा व्हॉइसमेल (कॉम्प्युटरवर चालणारं फोनचं सॉफ्टवेअर) जोडलाय, कोणी फोन उचलला नाही की कॉल तिकडे जातो खरा पण तिथे "मेलबॉक्स नंबर डायल करा" एवढंच ऐकू येतं, फोनवरचा मेसेजचा दिवा लागत नाही आणि दुपारपर्यंत चारही पोर्ट (व्हॉइसमेलच्या त्या चार जोडण्या) एंगेज होऊन बसतात. वर व्हेंडर सांगतोय की सगळं काढा नि नवीन आयपी सिस्टिम बसवा. एवढ्यात घेऊ नका. ठाणे-बेलापूर पट्ट्यात मी हीच कामं करतो, आणि तुम्ही सांगताय त्यातलं बहुतेक प्रोग्रामिंगमध्ये सुटतं.

व्हॉइसमेलच्या पोर्टवर नुसती रिंग येते. कॉल मुळात २१४ एक्स्टेंशनसाठी होता की २३१ साठी, हे त्या दोन तारांवरून आपोआप कळत नाही, ते ईपीएबीएक्सनेच सांगावं लागतं. अ‍ॅनालॉगमध्ये सांगायची रीत अशी की पोर्ट उचलला गेला रे गेला की ईपीएबीएक्स त्यावर डीटीएमएफ आकडे (बटण दाबल्यावर येणारे सूर) सोडतो, म्हणजे आधी एक कोड (डायव्हर्ट होऊन आलाय की कोणी स्वतःचे मेसेज ऐकायला थेट डायल केलंय) आणि मग एक्स्टेंशन नंबर. मोठ्या एक्सचेंजमध्ये हीच माहिती वेगळ्या सीरियल केबलवरून जाते, त्याला एसएमडीआय म्हणतात, आणि एसआयपी (नेटवर्कवरून कॉल जोडायची पद्धत) असेल तर डायव्हर्जन हेडरमध्ये येते.

आता हे आकडे येतायत का ते कानाने ऐका. क्रोनवरून (सगळ्या तारा जिथे जोडलेल्या असतात ती पट्टी) व्हॉइसमेलच्या पहिल्या पोर्टची जोडी सोडवा आणि तिथे साधा पुश-बटणाचा फोन लावा. एकाला दुसऱ्या एक्स्टेंशनवरून २१४ लावायला सांगा, २१४ वाल्याने उचलायचं नाही. डायव्हर्ट होऊन तुमच्याकडचा फोन वाजला की उचला आणि काही न बोलता ऐकत राहा. दोनेक सेकंदांत टीं-टीं-टीं असे भराभर सूर आले तर ईपीएबीएक्स त्याचं काम करतोय, आणि काहीच आलं नाही तर त्या एक्स्टेंशनना व्हॉइसमेल पोर्ट म्हणून डिक्लेअरच केलेलं नाही, साधे एक्स्टेंशन म्हणून हंट ग्रुपमध्ये (एक एंगेज असला की कॉल पुढच्यावर जाणारा गट) टाकून दिलेत, तेव्हा प्रोग्रामिंग मॅन्युअलमध्ये व्हॉइसमेल इंटिग्रेशनचा भाग काढून ते आधी करून घ्या. मला तुमच्या केसमध्ये हेच वाटतंय.

सूर येत असतील तर मग गडबड अ‍ॅस्टरिस्ककडे. तो उचलल्याबरोबर ग्रीटिंग सुरू करतो आणि आकडे त्याच्या खाली दबून जातात. आन्सर केल्यावर आधी रीड (आकडे गोळा करायची कमांड) ठेवा, दोनतीन सेकंद आकडे गोळा करू द्या, मग त्यावरून मेलबॉक्स ठरवा. ईपीएबीएक्समध्ये आकडे किती उशिराने सोडायचे ही सेटिंग असेल तर तीही थोडी वाढवून बघा.

पोर्ट अडकतात त्याचं कारण वेगळंय. कॉलरने फोन ठेवला हे अ‍ॅनालॉग लाइनवर कळायला एकतर करंट क्षणभर तुटायला हवा, नाहीतर एंगेज टोन ओळखता यायला हवा, आणि छोट्या ईपीएबीएक्सवर बहुतेक टोनवरच भागवावं लागतं. आपल्याकडचा एंगेज टोन ४०० हर्ट्झचा, पाऊण सेकंद चालू पाऊण सेकंद बंद, तर अमेरिकेतला ४८० आणि ६२० हर्ट्झ एकत्र, अर्धा-अर्धा सेकंद, आणि बरीच उपकरणं अमेरिकन सेटिंगवरच येतात. पण तुम्हाला टोन देणारा तुमचा ईपीएबीएक्स आहे, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यांपेक्षा त्याचा खरा टोन मोजा. अडकलेल्या कॉलचा मेसेज ऑडॅसिटीत (आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर) उघडा, शेवटी टूं-टूं रेकॉर्ड झालेलं असणारच, त्याची लांबी मोजून तेच अ‍ॅस्टरिस्कच्या बिझीपॅटर्न सेटिंगमध्ये टाका, बिझीडिटेक्ट (एंगेज टोन ओळखणं) चालू करा, बिझीकाउंट (किती टूं-टूं नंतर कॉल तोडायचा) चारच्या आसपास ठेवा, फार कमी ठेवलात तर माणूस बोलत असतानाच कॉल तुटतो. मॅक्ससायलेन्स (किती शांततेनंतर रेकॉर्डिंग थांबवायचं) दहा सेकंद केलंत की रिकामे मेसेजही लांबत नाहीत.

दिवा लावायचं काम मात्र उलट दिशेचं, इथे व्हॉइसमेलने ईपीएबीएक्सला सांगायचं. मेसेज आला की व्हॉइसमेल एखादा पोर्ट उचलून दिवा लावायचा फीचर कोड आणि एक्स्टेंशन डायल करतो, ऐकून झाला की बंदचा कोड. अ‍ॅस्टरिस्कमध्ये एक्सटर्ननोटिफायला (मेसेज आला किंवा ऐकला की स्क्रिप्ट चालवणारी सेटिंग) छोटी स्क्रिप्ट जोडली की जमतं. आधी तोच कोड त्या साध्या फोनवरून हाताने डायल करून बघा, दिवा लागला तरच स्क्रिप्टच्या मागे लागा. ज्यांच्या फोनला दिवाच नाही त्यांना हँडसेट उचलल्यावर तुटक डायलटोन ऐकू येईल, हे स्टाफला सांगून ठेवा नाहीतर लाइन खराब म्हणून तक्रारी येतील.

आणि ही गोष्ट कृपया टाळू नका: त्या चारही पोर्टची एसटीडी-आयएसडी ईपीएबीएक्समधूनच बंद करा, मेलबॉक्सचा पासवर्ड एक्स्टेंशन नंबरच ठेवलेला असेल तर बदला. बाहेरून मेलबॉक्समध्ये शिरून तिथून परदेशी कॉल लावायचा प्रकार जुना आहे आणि सुट्टीच्या दिवशी होतो, बिल आल्यावरच कळतं.

फोन लावून ऐकलंत की किती सूर आले आणि ईपीएबीएक्सचं मॉडेल कोणतं ते खाली टाका, डायलप्लॅनच्या (कॉल आल्यावर काय करायचं ते सांगणाऱ्या) ओळी लिहून देतो.