डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघतात, मग आमच्याकडे कोण बघणार?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते, वय ५८, दहा वर्षांपासून शुगर आणि बीपी दोन्ही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दवाखान्यात कॉम्प्युटर आणलाय, तेव्हापासून ते बोलतात माझ्याशी पण बघतात स्क्रीनकडे. वर रिसेप्शनवरची मुलगी आभा नंबर, म्हणजे तो सरकारी हेल्थ आयडी, मागते. माझे सगळे रिपोर्ट साडीच्या पिशवीत अगदी नीट लावलेले आहेत, मग हा उपद्व्याप कशाला? आणि माझी माहिती गावभर तर होणार नाही ना?

उत्तर : ताई, पिशवीला नावं ठेवत नाही, पण माझ्याकडे एक आजोबा ईसीजी खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करायला घेऊन गेले, आता तो कागदच मुळात उष्णतेवर उमटणारा, मशीनमधून निघाला तो काळाकुट्ट. आणि नुसता ठेवला असता तरी हळूहळू पुसट झालाच असता.

बरं, कागद टिकला असं धरू. तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, समजा एका वर्षी ०.७, मग ०.९, मग १.१ आलं, तिन्ही वेळा वेगळी लॅब आणि तिन्ही कागदांवर नॉर्मलच लिहिलेलं, म्हणून तुम्ही पण खूश आणि डॉक्टर पण. तेच आकडे कॉम्प्युटरवर एका ओळीत दिसले की लगेच शंका येते, किडनी दमायला लागलीय का, आणि मग मी विचारणार की गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर कुठली गोळी आणता, कारण पेनकिलर रोज घेतली तर किडनीला त्रास होतो. दुसरं म्हणजे शुगरवाल्यांनी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी, वर्षातून निदान दोनदा, आणि डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (प्रोटीन), पाय हे वर्षातून एकदा तरी तपासायलाच हवं. जो पेशंट येतच नाही त्याची आठवण मला कशी राहणार हो? कॉम्प्युटरला विचारलं की कोणाकोणाचे डोळे वर्षभरात तपासलेले नाहीत ती यादी निघते, मग फोन करता येतो.

अर्थात नीट भरलं तरच. रिपोर्टचा नुसता फोटो अपलोड करून ठेवला तर ती पिशवीच झाली, फक्त मोबाईलमधली, आकडा त्याच्या रकान्यात टाइप व्हायला हवा. मी पण सुरुवातीला घाईत मागचीच नोट कॉपी-पेस्ट करायचो, एका बाईंच्या पायाची जखम भरून कित्येक महिने झाले तरी माझ्या रेकॉर्डमध्ये ती ओलीच होती! पेशंटकडे न बघता टाइप करणं हे मात्र चूकच, सरळ सांगा की डॉक्टर, स्क्रीन जरा माझ्याकडे फिरवा, मलाही बघू दे.

आभाचं म्हणाल तर तो १४ अंकी नंबर, आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१च्या सप्टेंबरमध्ये देशभर सुरू झालं त्यातला. फुकट आहे आणि ऐच्छिक आहे, नाही दिलात तर उपचार कोणी नाकारू शकत नाही. नुसता नंबर दिल्याने तुमचं सगळं रेकॉर्ड उघडत नाही, दुसऱ्या डॉक्टरांना बघायचं असेल तर तुमची परवानगी लागते, कुठले कागद आणि किती दिवसांसाठी ते तुम्ही ठरवायचं, नंतर परवानगी काढूनही घेता येते. फक्त फोनवर कोणी ओटीपी मागितला तर अजिबात सांगू नका.

पुढच्या वेळी जाल तेव्हा एखाद्या औषधाची ऍलर्जी असेल तर ती आणि गुडघ्याच्या गोळीचं नाव, दोन्ही समोर बसून टाइप करून घ्या. आणि हो, एवढं मोठं पत्र लिहिलंत पण डोळे शेवटचे कधी तपासले ते कुठेच नाही.